आल्ता व्हिया १ : सह्याद्रीत तयार झालेल्या पायांसाठी डोलोमाइट्सची पहिली वाट

कळसूबाईचा माथा १६४६ मीटर. इटलीच्या उत्तर टोकाला, डोलोमाइट्स नावाच्या डोंगररांगेत लागो दि ब्राइएस नावाचं तळं आहे, त्याचा काठच १४९४ मीटरवर. म्हणजे आपण महाराष्ट्राच्या छपराला हात लावायच्या बेतात असतो, तितक्या उंचीवर ही वाट नुसती सुरू होते. हे आकडे ऐकून नवखे दचकतात. दचकू नका. या वाटेवरचा सगळ्यात उंच मुक्काम २७५२ मीटरवर आहे, आणि एवढ्या उंचीवर बहुतेकांना हवा विरळ झाल्याचं कळतही नाही. सॅक घेऊन लागोपाठ दोन-तीन दिवस सह्याद्रीत चाललेल्या माणसाचे पाय इथे पुरतात. पुरत नाहीत त्या आपल्या सवयी. उशिरा निघणं, अंधार पडेल तिथे पथारी टाकणं आणि ‘बघू पुढे’ म्हणणं, या तिन्ही गोष्टी इथे चालत नाहीत. हा लेख मुख्यतः त्या सवयी मोडण्याबद्दल आहे.

वाटेचं नाव आल्ता व्हिया १, म्हणजे पहिली उंचवाट. ब्राइएसच्या तळ्यापासून दक्षिणेला बेल्लुनो शहराच्या जवळपर्यंत सुमारे १२० किलोमीटर, सगळे चढ मिळून ७००० मीटरच्या आसपास. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ती आखली गेली. पण आखली म्हणजे नव्याने खोदली असं नाही. मेंढपाळांच्या वाटा, खिंडी ओलांडणाऱ्या जुन्या वाटा आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांनी व खेचरांनी रुळवलेल्या वाटा एका माळेत ओवल्या. या माळेतले मणी म्हणजे ‘रिफूजो’. शब्दशः आसरा. खाली जेवणघर, वर एकावर एक पलंग असलेल्या खोल्या, मागे जनरेटर, दारात ओले बूट. आपण राजमाचीला कुणाच्या घरी उतरतो तसंच, फक्त इथे जागा सहा महिने आधी सांगून ठेवावी लागते.

आधी दिवस मोजा, मग वाट

पूर्ण वाटेला ८ ते ११ दिवस लागतात. नवख्याने १० धरावेत, शिवाय एक दिवस पावसासाठी हातचा ठेवावा. एवढी रजा मिळत नसेल तर वाट मधूनच सोडता येते, आणि त्यात कमीपणा काही नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फाल्त्सारेगो खिंडीत डांबरी रस्ता भेटतो, तिथून बसने कोर्तिना गावात उतरता येतं. त्यापुढे जाउ, स्ताउलान्त्सा आणि दुरान या खिंडींतही रस्ता आडवा येतो. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला ब्राइएस ते जाउ खिंड एवढंच करा. चार-पाच दिवसांत युद्धाच्या खुणा, सुळके, तळी, सगळं बघून होतं. दक्षिणेचा अर्धा भाग जास्त शांत आणि जास्त रानटी आहे, पण गुडघ्यांची परीक्षाही तिथेच आहे.

हंगाम छोटा. रिफूजो साधारण २० जूनला उघडतात आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बंद होतात. जूनअखेर उत्तर उतारांवरच्या घळींत कडक झालेला बर्फ असू शकतो, आणि नवख्यासाठी तो सगळ्यात वाईट. ऑगस्टमध्ये अर्धी इटली सुट्टीवर असते, १५ ऑगस्टच्या आठवड्याचा तर विचारच करू नका. सप्टेंबरचे पहिले पंधरा दिवस मला सगळ्यात आवडतात. हवा स्थिर, गर्दी ओसरलेली आणि आपल्याकडचा पावसाळी सराव पायांत ताजा. दिवस मात्र लहान होत जातो आणि रात्री पारा शून्याजवळ येतो.

जागा धरणं, म्हणजे खरा ट्रेक

विमानाचं तिकीट सगळे रिफूजो मिळाल्यावरच काढायचं, हे आधी मनावर कोरून घ्या. क्रम असा: आधी लागात्सुओईची, म्हणजे वाटेवरच्या सगळ्यात उंच रिफूजोची तारीख, मग बाकीचे रिफूजो, मग विमान, मग व्हिसा. लागात्सुओई आणि नुवोलाउ परिसरातल्या जागा सगळ्यात आधी संपतात, म्हणून त्या दोन तारखा मिळाल्या की त्यांच्या मागेपुढे बाकीची माळ ओवायची. जानेवारी-फेब्रुवारीत सुरुवात करा. सगळ्या मुक्कामांचं एकत्र आरक्षण करणारी एकच खिडकी नाही. कुणाचा फॉर्म, कुणाला ईमेल, आणि एखादे आजोबा फक्त फोनवर. ईमेल चार ओळींचा असावा: तारीख, माणसं किती, जेवणासकट, शाकाहारी किती. इटालियनमध्ये लिहिलात तर उत्तर लवकर येतं, हा माझा अनुभव.

विचारताना ‘मेद्झा पेन्सिओने’ म्हणा. म्हणजे रात्रीचं जेवण, झोप आणि सकाळची न्याहारी. सामाईक खोलीत माणशी ६० ते १०० युरो धरून चाला. काही रिफूजो इटालियन आल्पाइन क्लबचे आहेत, काही खासगी कुटुंबांचे. क्लबच्या ठिकाणी सभासदांना सवलत मिळते, आणि ज्या परदेशी क्लबांशी त्यांचा परस्पर करार आहे त्यांच्या सभासदांनाही. ऑस्ट्रियन आल्पाइन क्लबचं सभासदत्व भारतात राहूनही घेता येतं आणि त्यासोबत डोंगरातल्या बचावकार्याचा विमा येतो. अटी नीट वाचून घ्या. दहा रात्रींच्या सवलतीत वर्गणी बऱ्यापैकी वसूल होते.

अनामत ही वेगळीच गंमत. काही जण ती बँकेतून थेट खात्यात मागतात. आमच्या गटाने माणशी २० युरो पाठवले, आणि ते पोचवण्याचा बँकेचा खर्च अनामतीपेक्षा जास्त आला. कार्ड चालतं का, हे आधी विचारा. आणि निघायच्या आठवडाभर आधी प्रत्येकाला एक ओळीची आठवण पाठवा. आम्ही एका ठिकाणी ती पाठवली नाही, नाव सांगत नाही. संध्याकाळी पाच वाजता भिजून दारात उभे, आणि वहीत आमचं नाव पुढच्या महिन्याच्या त्याच तारखेला. त्या बाईंनी आम्हाला जेवणघरातल्या बाकांवर झोपवलं, हाकललं नाही. पण रात्री दहाला जेवणारे उठेपर्यंत आणि पहाटे सहाला टेबलं लागायच्या आधी, एवढीच काय ती झोप.

तंबूचा विचार डोक्यातून काढा. या वाटेवर उघड्यावर तंबू ठोकायला मनाई आहे. दक्षिणेकडचा भाग तर राष्ट्रीय उद्यानात येतो.

व्हिसा आणि विमा

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सर्वांत जास्त रात्री इटलीत, म्हणून अर्ज इटलीकडे. रिफूजोंचे ईमेल हाच राहण्याचा पुरावा, ते एकाखाली एक छापून तारखांचा तक्ता वर लावा. दहा दिवस दहा वेगळ्या जागा बघून खिडकीवरचा माणूस भुवया उंचावतो, म्हणून वाटेचा नकाशाही जोडा. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पण तेवढ्यावर थांबू नका. व्हिसासाठी स्वस्तात मिळणाऱ्या पॉलिसीत डोंगर चढणं बहुधा वगळलेलं असतं. ‘हेलिकॉप्टरने शोध व सुटका’ हे शब्द लेखी दिसले पाहिजेत. इजा नसताना, नुसते दमलात म्हणून हेलिकॉप्टर बोलावलंत तर त्याचं बिल येतं आणि ते मोठं असतं.

पाय नाही, गुडघे तयार करा

तीन महिने आधी सुरुवात पुरते. सिंहगड आठवड्यातून दोनदा, पाठीवर आठ किलो घेऊन. पण चढताना घड्याळ बघू नका, उतरताना बघा: सावकाश, काठ्यांचा आधार घेत, पाऊल दाबून. या वाटेवर ८००-९०० मीटरचे उतार आहेत आणि ते घसाऱ्याचे आहेत. घसारा म्हटलं की आपल्याला मुरुमाची आठवण येते. इथला घसारा चुनखडीच्या पांढऱ्या, कोरड्या चुऱ्याचा. तो पायाखालून सरकतो, पण जरा भरवसा ठेवला की आपल्यासकट हळूहळू खाली नेतो. शक्य असेल तर लागोपाठ तीन दिवस चालण्याचा एक तरी ट्रेक करून बघा. तिसऱ्या दिवशी सकाळी उठवतंय का, ते तिथेच कळतं.

सॅक

पाण्यासकट नऊ किलो. त्यावर नाही. माझी पहिल्या वेळी चौदा किलो होती, कारण आईने दिलेल्या दशम्या, मेतकूट आणि एक छोटा स्टोव्हदेखील. स्टोव्ह दहा दिवस फिरून परत आला. रिफूजोत जेवण मिळतं हे डोळ्यांनी पाहीपर्यंत आपला विश्वास बसत नाही, तो प्रकार.

न्यायचं ते असं. घोट्याच्या वरपर्यंत येणारे आणि किमान शंभर किलोमीटर चाललेले बूट. दोन काठ्या. खरंच पाणी अडवणारं जॅकेट, पोंचोवर भागत नाही कारण खिंडीत वारा तो डोक्यावरून उडवतो. पातळ पिसांचं जॅकेट, कानटोपी, हातमोजे. चालायचे दोन जोड आणि रात्रीचा एक. हेडटॉर्च. कानात घालायचे बोळे, खोलीत बारा जण झोपतात आणि त्यातले चार घोरतात. चादरीची पिशवी, म्हणजे झोपण्याचं आतलं अस्तर: ब्लँकेट रिफूजो देतो, पण अस्तर सक्तीचं आहे. आतल्या वापराच्या हलक्या चपला. रोख युरो, कारण वर कार्डाचं यंत्र असलं तरी नेटवर्क असेलच असं नाही.

शेंगदाण्याची चटणी आणि चिक्की खुशाल घ्या. पेढे, खवा, तुपातले लाडू घरी ठेवा. युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे आणि विमानतळावर ते टोपलीत जातात.

नकाशा कागदी हवा. ताबाक्को कंपनीचे १:२५,००० प्रमाणाचे नकाशे इथे सगळे वापरतात. ०३१, ०३ आणि ०२५ हे तीन घेतले की बहुतेक काम होतं. फोनमध्ये नकाशा असतोच, पण थंडीत बॅटरी कशी उतरते ते हिमालयात गेलेल्यांना सांगायला नको.

वाट कशी वाचायची

दगडांवर लाल-पांढरे-लाल पट्टे आणि त्यात काळा आकडा. हा आकडा त्या स्थानिक पाऊलवाटेचा. आल्ता व्हियाची स्वतःची खूण वेगळी, त्रिकोणात १. तुम्ही रोज चार-पाच वेगवेगळ्या आकड्यांच्या वाटांवरून जाता, म्हणून रात्रीच दुसऱ्या दिवसाचे आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा. बहुतेक पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ असते. ती इथल्या सरावलेल्या माणसाच्या चालीची. पहिल्या दिवशी पाटीची वेळ आणि तुमची वेळ लिहून ठेवा. जो काही दीडपट-सव्वापट हिशेब निघेल तो पुढे दहा दिवस वापरा.

काठिण्य चार अक्षरांत असतं: टी सोपी, ई डोंगरवाट, ईई अनुभवींसाठी, ईईए म्हणजे लोखंडी तार आणि हार्नेस. आल्ता व्हिया १ ची मुख्य वाट बहुतांशी ई, काही जागी ईई. नकाशावर फुल्याफुल्यांची रेघ दिसली की ती तारेची वाट. सामान नसेल तर तिकडे वळायचं नाही.

दिवसाचं वेळापत्रक

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी दोननंतर ढग फुगतात आणि विजा पडतात. रोज नाही, पण पुरेशा वेळा. म्हणून सातला न्याहारी, साडेसातला पाय वाटेवर, उंच खिंड बाराच्या आत मागे टाकायची आणि दोनला मुक्कामी. आपल्याकडे दोन वाजता ट्रेकला खरा रंग चढतो, तिथे दोन वाजता लोक बूट काढून सफरचंदाचा श्ट्रुडेल खात असतात. रिफूजोच्या भिंतीवर हवामानाचा अंदाज रोज लावलेला असतो. भाषा कळली नाही तर चित्रं बघा, चित्रं कळली नाहीत तर चालवणाऱ्याला विचारा, आणि तो ‘जाऊ नका’ म्हणाला तर जाऊ नका. गडगडाट ऐकू आला की धार सोडायची, तारा आणि लोखंडी शिड्यांपासून लांब व्हायचं.

मदतीसाठी ११२. नेटवर्क नसेल तर डोंगरातली खूण: एका मिनिटात सहा शिट्ट्या किंवा सहा वेळा टॉर्च, मग एक मिनिट थांबून पुन्हा. समोरून तीन आल्या की समजायचं, ऐकलं. हेलिकॉप्टर आलं तर दोन्ही हात वर म्हणजे ‘हो, मदत हवी’. एक हात वर एक खाली म्हणजे ‘नको’. उगाच दोन्ही हात हलवून टाटा करू नका.

पाण्याचं सांगायला हवं, कारण इथे आपला अंदाज साफ चुकतो. सह्याद्रीचा कातळ काळा, लाव्ह्याचा. त्याच्यावर पाणी साठतं, म्हणून आपल्या गडांवर टाकी आहेत. डोलोमाइट हा खडक समुद्रतळाशी साचलेला, पांढुरका, भेगाळलेला. फ्रेंच भूवैज्ञानिक देओदा द दोलोमिय यांच्या नावावरून त्याला हे नाव पडलं. पाऊस पडला की पाणी थेट पोटात जातं आणि पार खाली दरीत झऱ्याने बाहेर येतं. वर मैलोन्‌मैल थेंब नाही. दोन लिटर भरूनच निघा. काही रिफूजोंत नळाचं पाणीही पिण्याचं नसतं, तशी पाटी असते, आणि बाटली विकत घ्यावी लागते.

रिफूजोतले रीतिरिवाज

दारातून आत गेल्यावर पहिली खोली बुटांची. सगळे बूट तिथे फळीवर, काठ्या कोपऱ्यात. बूट घालून जेवणघरात गेलात तर कुणी ओरडत नाही, फक्त सगळे तुमच्या पायांकडे बघतात. ते जास्त लागतं. मग काउंटरवर नाव सांगायचं, पासपोर्ट द्यायचा, पलंगाचा नंबर घ्यायचा. आंघोळीसाठी टोकन: काही मिनिटांचं गरम पाणी. आधी साबण लावून घेणारे शहाणे. बटणं-सॉकेटं मोजकी, म्हणून फोन पहिल्या तासात चार्जिंगला लावा आणि पॉवर बँक ठेवा. जेवण साडेसहा-सातला, सगळ्यांना एकदम. दहाला दिवे बंद, आणि ते खरोखर बंद होतात. पहाटे निघायचं असेल तर सॅक रात्रीच भरा. अंधारात प्लॅस्टिकच्या पिशव्या कुरकुरवणाऱ्या माणसाबद्दल जगातल्या सगळ्या भाषांत एकच भावना आहे.

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण त्याने बोलायला हवं. सूपमध्ये मांसाचं पाणी असू शकतं. ‘ब्रोदो दि कार्ने?’ असं सरळ विचारा. कासुनत्सिएइ हे कोर्तिनाकडचे बिटाचं सारण भरलेले अर्धचंद्र, वरून लोणी आणि खसखस. बघताच करंजी आठवते. कानेदेर्ली म्हणजे शिळ्या पावाचे मुटके; पालकाचे मागा, एरवी त्यात डुकराचं मांस असतं. पोलेंता मक्याच्या पिठाची, घट्ट. चार दिवसांनी पिठल्याची आठवण काढत तीच खाल. अंडं न खाणाऱ्यांना आणि जैन जेवण पाळणाऱ्यांना मात्र कठीण आहे, त्यांनी पहिल्या ईमेलमध्येच लिहावं आणि तरी चिक्की बाळगावी.

वाटेत समोरून येणाऱ्याला नमस्कार करायचा असतो. दक्षिणेत ‘बोनजोर्नो’, उत्तरेत जर्मन बोलीतलं ‘ग्र्यूस गॉट’. मधल्या दऱ्यांत लादिन नावाची वेगळीच भाषा आहे, जेमतेम तीस हजार लोक ती बोलतात. त्यांना त्यांच्या भाषेत ‘बुन दे’ म्हणालात तर चेहरा फुलतो.

आता वाटेवर

व्हेनिसच्या विमानतळावरून कोर्तिनाला थेट बस, दोन-अडीच तास. तिथून दोब्बियाको, आणि तिथून ४४२ नंबरची बस तळ्यावर. जुलै-ऑगस्टमध्ये तळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांवर निर्बंध असतात, बसचीही जागा आधी धरावी लागते. आदल्या रात्री दोब्बियाकोला राहा आणि पहिल्या बसने या. नऊनंतर तळ्यावर फोटो काढणाऱ्यांची जत्रा भरते. काठावरचं जुनं हॉटेल बघून घ्या: एसएस या नाझी दलाने बंदी छावण्यांतून आणलेले सुमारे १४० नामांकित कैदी दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या दिवसांत सुटले, ते या हॉटेलात राहिले होते. त्यात फ्रान्सचे माजी पंतप्रधान लेओं ब्लूमही होते.

पहिला दिवस तळं ते रिफूजो ब्येल्ला: सुमारे ९०० मीटरचा सलग चढ, साधारण बारीतून कळसूबाई. सोरा फोर्नो खिंडीत पोचलात की समोर एकदम पांढरं, उघडं पठार. दुसऱ्या दिवशी सेन्नेसच्या कुरणांतून पेदेरूला उतरायचं. हा जीपरस्ता इतका उभा आहे की नखं बुटाच्या टोकाला आपटतात. सकाळी नखं कापा. मग पुन्हा चढून फानेसच्या पठारावर, फानेस किंवा लावारेल्ला रिफूजोत. फानेसच्या राज्याच्या लादिन दंतकथा आहेत, त्यात तिथल्या लोकांचा मार्मोटांशी गुप्त तह असतो. मार्मोट म्हणजे आपल्या शेकरूएवढी नाही, चांगली मांजराएवढी खार, बिळात राहणारी. तुम्ही दिसलात की एक जण शीळ घालतो आणि सगळे गडप. तहातले तुम्ही नसता.

तिसरा दिवस लांब आणि माझ्या मते सगळ्या वाटेवरचा सर्वांत चांगला. लीमो खिंड, मग फोर्चेल्ला देल लागो, २४८६ मीटर. ही दोन कड्यांमधली अरुंद फट. पलीकडे डोकावलं की पोटात गोळा येतो: खाली लागात्सुओईचं तळं हिरव्या बांगडीच्या काचेएवढं, आणि घसाऱ्यातून तिथवर जाणारी नागमोडी वाट. खरं तर ती वाट पक्की आहे, लाकडाच्या ओंडक्यांनी वळणं बांधलेली. पण काठ्या आखूड न करता लांब करा, वरच्या माणसाने दगड पाडला तर मोठ्याने ओरडावं, आणि पाऊस असेल तर इथे येऊच नका. तळ्यापाशी थांबून खाऊन घ्या, कारण त्यानंतर जवळजवळ ६०० मीटर चढ बाकी असतो आणि तो लागात्सुओईच्या गच्चीवर संपतो. संध्याकाळी समोरचे कडे गुलाबी होतात. लादिनमध्ये याला ‘एनरोसादिरा’ म्हणतात. सगळे जेवण टाकून बाहेर येतात, स्वयंपाकीसुद्धा.

चौथ्या दिवशी या डोंगराच्या पोटातून उतरायचं. २३ मे १९१५ ला इटलीने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि सरहद्द नेमकी इथून गेली. माथा ऑस्ट्रियनांकडे, कड्याच्या मधल्या अरुंद पट्टीवर इटालियन आल्पिनी सैनिक. वरून दगड टाकून माणसं हटेनात, म्हणून ऑस्ट्रियनांनी कडाच खाली पाडायला सुरुंग लावले. खालच्यांनी मग आतून भुयार खोदत वर यायचं ठरवलं, आणि २० जून १९१७ ला सुमारे ३३ टन स्फोटकं उडवून शत्रूचं पुढचं ठाणं उडवलं. चारच महिन्यांनी कापोरेत्तोला इटालियन आघाडी फुटली आणि सगळा डोंगर सोडून त्यांना माघारी जावं लागलं. तेच भुयार आज सुमारे ११०० मीटर उतरता येतं. हेडटॉर्च आणि हेल्मेट असल्याशिवाय जाऊ नका. हेल्मेटची सोय आधीच करून ठेवा. पायऱ्या ओल्या, उंची कमीजास्त, भिंतीला तार. मध्येच एक कोनाडा लागतो, त्यात लाकडी पलंग आणि छोटी खिडकी. खिडकीतून फाल्त्सारेगोचा रस्ता दिसतो, त्यावरून मोटारसायकली जात असतात. मी तिथे टॉर्च विझवून बसलो होतो. छतातून टपटपणारं पाणी सोडलं तर काहीच ऐकू येत नव्हतं. ज्यांना बंद जागेची भीती आहे त्यांनी सरळ रोपवेने उतरावं, तीन मिनिटं.

फाल्त्सारेगोनंतर चिंक्वे तोर्री, म्हणजे पाच बुरूज. तिथले खंदक पुन्हा मोकळे करून उघड्यावरचं संग्रहालय केलं आहे. मुक्काम आवेराउ किंवा नुवोलाउ. नुवोलाउचा रिफूजो १८८३ चा, माथ्यावर एकटाच, गरुडाच्या घरट्यासारखा. तिथून जाउ खिंडीला जाताना एक काळजी: समोरून उतरणारी वाट तारेची आहे. आल्या वाटेने आवेराउला परत या आणि ४५२ ने जा. अर्धा तास जास्त, पण हाडं शाबूत.

जाउपुढे मोंदेव्हालच्या कुरणातून जाताना एका मोठ्या दगडापाशी थांबा. १९८७ मध्ये त्याच्या आडोशाला सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वी पुरलेला एक शिकारी सापडला, त्याच्या अवजारांसकट. समुद्रसपाटीपासून २१०० मीटरवर. आपण मोठे ट्रेकर.

पुढचं भरभर सांगतो. आंब्रित्सोला खिंड, चित्ता दि फ्युमे, स्ताउलान्त्सा, आणि पेल्मो डोंगराला वळसा घालून कोल्दाई. सातवा दिवस चिवेत्ता डोंगराच्या वायव्य भिंतीखालून. ही हजार मीटरहून उंच सलग भिंत १९२५ मध्ये सोल्लेडर आणि लेटेनबावर या जर्मन जोडीने चढली, तेव्हा अवघडपणाची नवी पायरी मोजायला सुरुवात झाली. वाट सोपी आहे, पण मान दुखते. वात्सोलेरकडे उतरलात की २०१८ च्या ऑक्टोबरमधल्या वाया वादळाने या जिल्ह्यातली जंगलं कशी आडवी केली ते ठिकठिकाणी दिसतं. मग कारेस्तियातो, दुरान खिंड, प्रांपेरेत.

दुरानपाशी स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. गुडघे कुरकुरत असतील तर इथे थांबा. कारण प्रांपेरेतच्या पुढे २३९५ मीटरची झीता खिंड आहे आणि तिच्यापलीकडे गवताळ, उभा, वळणावळणाचा साडेसातशे मीटरचा उतार प्यान दे फोंतानापर्यंत. ओल्या गवतावर तो घसाऱ्यापेक्षा वाईट. बचावाचा रस्ता मध्ये नाही. पहिल्या वेळी आमच्यातले दोघे दुरानहून खाली गेले आणि बेल्लुनोला पिझ्झा खात बसले. त्यांचा निर्णय बरोबर होता, हे मी त्या उतारावर बसकण मारताना मान्य केलं.

शेवटच्या दिवशी ब्यांकेत रिफूजोवरून जंगलातला कच्चा रस्ता तुम्हाला ला पिस्साला आणून सोडतो. तिथे ना कमान, ना चहाची टपरी. हमरस्ता, त्यावर भरधाव ट्रक, आणि बसचा एक खांब. वेळापत्रक आधीच फोटो काढून ठेवलेलं असू द्या. रविवारी बस कमी असतात. बस दिसली की रस्त्याच्या कडेला नीट उभं राहून आपल्या एसटीला करतो तसा हात करा. खांबापाशी माणूस आहे म्हणून ती थांबेलच असं नाही.